धुराचा अलार्म: आयनीकरणाचा की प्रकाशाचा?

घरगुती धूर-अलार्म मुख्यतः दोन प्रकारचे. आयनीकरणाच्या अलार्ममध्ये अमेरिशियम-२४१ हा किरणोत्सर्गी पदार्थ किंचित असतो. त्याच्या किरणांमुळे आतल्या हवेचे कण विद्युतभारित होतात (हेच आयनीकरण) आणि तिच्यातून बारीक विद्युतप्रवाह वाहतो. धूर शिरला की हा प्रवाह घटतो आणि भोंगा वाजतो. भडकलेली आग हा लवकर ओळखतो, पण स्वयंपाकाच्या धुरानेही उगाच ओरडतो. मग लोक वैतागून बॅटरीच काढून ठेवतात, आणि हे फार घातक आहे.

प्रकाशाचा अलार्म धुराच्या कणांवरून विखुरलेला प्रकाश टिपतो. गादी किंवा सोफा ज्वाळेविना धुमसत असेल तर सहसा हाच आधी वाजतो. झोपलेल्यांना बाहेर पडायला वेळ मिळतो, म्हणून एकच घ्यायचा तर मी हाच घेईन. दोन्ही सेन्सर एकत्र मिळाले तर उत्तमच. कुठलाही घ्या, झोपायच्या प्रत्येक खोलीत लावा, दर महिन्याला बटण दाबून तपासा आणि १० वर्षांनी बदला.