‘माझी नोंद’चं कोरं पान: दोन वर्षं वर्गात वापरून

मी जत तालुक्यात, कर्नाटकच्या हद्दीजवळच्या एका वस्तीशाळेवर शिकवते. पहिली ते चौथी, पट एकवीस, शिक्षक दोन. 2023-24 ला शासनाकडून वर्षाच्या अभ्यासाचे चार भाग पाडलेली पाठ्यपुस्तकं आली. प्रत्येक भागात मराठी, गणित, इंग्रजी, परिसर अभ्यास एकत्र, आणि धड्यांना जोडून ‘माझी नोंद’ नावाची कोरी पानं. हेतू दोन सांगितले होते: दप्तर हलकं व्हावं आणि ज्याच्याकडं वही नाही त्याचं अडू नये. जानेवारी 2025 मध्ये ती पानं रद्द झाली. पानं वापरलीच जात नाहीत, मुलं वह्या आणतातच, असं कारण दिलं गेलं.

वह्या आणतात हे खरंच आहे. गणिताची उदाहरणं एका पानात मावत नाहीत. शिवाय एकदा लिहिलेलं पुस्तक धाकट्या भावंडाला देता येत नाही, आमची पुस्तकपेढी त्यामुळं बसली. आणि पहिला भाग घरी गेला की उजळणीला हाताशी नसतो. पण चार भाग केले ते मला पटलं होतं. तिसरीच्या पोराच्या पाठीवरचा भार खरोखर कमी झाला. दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत असावं, असा आदेश 2015 पासून आहे. तो आमच्याकडं पाळला गेला तो याच दोन वर्षांत.

कोरं पान वाया गेलं ते तपासणीमुळं. पानं भरलेली दिसली पाहिजेत, असा निरोप आला. मग फळ्यावरचं जसंच्या तसं उतरवून घेणं सुरू झालं. पहिले दोन महिने मीही तेच केलं, याचं मला वाईट वाटतं.

नंतर मी सांगितलं, धड्यातला शब्द घरी काय म्हणतात ते लिहा. माझ्या वर्गातली निम्मी मुलं घरी कन्नड बोलतात. तिसरीतल्या एका मुलीनं लिहून आणलं: पाणी – नीरु, भाकरी – रोट्टी, पाऊस – मळे. शेजारचा पोरगा म्हणाला, “बाई, मळे म्हंजे रानं की!” तिनं त्याला घरात आई कसं म्हणते ते म्हणून दाखवलं. वर्षभर तोंड न उघडणारी पोरगी, पण त्या दिवशी ती वर्गाला शिकवत होती. पुढं तिनं पानाच्या कडेला गुंडाळून गुंडाळून शब्द लिहिले, जागा पुरेना.

एवढ्यासाठी ते पान राहायला हवं होतं. सगळ्या इयत्तांना, सगळ्या विषयांना सारखं नको, तिसरी-चौथीच्या भाषेला पुरे. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक हे कायद्याला धरूनच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण चार इयत्ता एकत्र सांभाळताना एका इयत्तेला मन लावून बसवायचं तर असंच काही हातात लागतं. पान घालताना आणि काढताना, दोन्ही वेळा वर्गातल्या बाईला कुणी विचारलं नाही.

यंदा मी जुन्या वह्यांमधली उरलेली पानं आणि पाठकोरे कागद सुईदोऱ्यानं शिवून तिसरीला दिलेत. वर नाव तेच लिहिलंय, ‘माझी नोंद’. त्या मुलीची धाकटी बहीण आता तिसरीत आहे. पहिल्याच पानावर तिनं शेळीला घरी काय म्हणतात ते लिहून आणलंय.