भूल-यंत्राचा ऑक्सिजन सेल नायट्रोजनच्या खोलीत: उपयोगी, पण अटींसह

बंद खोलीत नायट्रोजन गळला तर हवेतला ऑक्सिजन घटतो. अशा वेळी पंखा आपोआप सुरू करायला भूल देण्याच्या यंत्रातला गॅल्व्हॅनिक (ऑक्सिजनशी अभिक्रिया होऊन स्वतःच वीज तयार करणारा) ऑक्सिजन सेल उत्तम चालतो. त्याला वेगळी वीज लागत नाही. साध्या हवेत तो साधारण ९ ते १३ मिलिव्होल्ट देतो. म्हणजे १ टक्का ऑक्सिजनला जेमतेम अर्धा मिलिव्होल्ट. आर्डुइनो या छोट्या कंट्रोलर बोर्डाची १० बिटांची इनपुट इतक्या लहान फरकासाठी निरुपयोगी. एडीएस१११५ हा एडीसी (व्होल्टेजचं आकड्यात रूपांतर करणारी चिप) ±०.२५६ व्होल्टच्या रेंजवर लावा, ७.८ मायक्रोव्होल्टची पायरी मिळते. सेलला समांतर, पण एडीसीच्या टोकाशी, १०० किलोओहमचा रेझिस्टर हवाच: वायर तुटली तर आकडा भरकटत नाही, शून्यावर येतो आणि पंखा सुरू होतो.

पंखा १९.५ टक्क्यांना सुरू, २०.३ ला बंद. दोन्हींसाठी एकच आकडा ठेवला तर रिले (पंखा चालू-बंद करणारा विद्युत स्विच) सारखा टकटकतो. सेलच्या आकड्याची जुळवणी दर आठवड्याला मोकळ्या हवेत, २०.९ टक्क्यांवर.

खरा शत्रू दमटपणा. सेलच्या तोंडावरच्या पातळ पडद्यावर थेंब साचले की ऑक्सिजन आत शिरत नाही, आकडा उगाच घसरतो; म्हणून सेलचं तोंड खाली ठेवा. कंपोस्ट किंवा अळिंबीच्या खोलीत अल्कधर्मी द्रावाचा सेल नकोच, कार्बन डायऑक्साइड त्या द्रावाशी अभिक्रिया करतो. सेलच्या आतलं शिसं कपाटात ठेवूनही झिजतं, तेव्हा साठा करू नका. माणसं आत जाणार असतील तर प्रमाणित अलार्म वेगळा लावा.