रेड वाइनची सुरुवात कुठून करावी: नाशिक-अकलूजच्या बाटल्यांचा अनुभव

रेड वाइन पहिल्यांदाच पिऊन बघणार असाल, तर कॅबर्ने सोव्हिन्यॉन (त्याच नावाच्या द्राक्षाची वाइन) आधी आणू नका. दिवाळीपासून आतापर्यंत आमच्या घरी ज्या बाटल्या उघडल्या, त्यावरून झालेलं हे माझं ठाम मत आहे. दुकानात "चांगली रेड द्या" म्हटलं की बऱ्याचदा हीच हातात पडते, कारण नाव सगळ्यांना माहीत असतं. या द्राक्षाचा मणी लहान आणि साल जाड. रेड वाइनचा रंग सालीतून येतो, आतला रस पांढुरकाच असतो. म्हणून रस साली-बियांसकट आंबवतात आणि रंगाबरोबर टॅनिन हे तुरट द्रव्यही उतरतं. हे टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरतं आणि जांभळं खाल्ल्यावर जीभ आखडते तसं तोंड कोरडं पडतं. सवय नसलेल्याला पहिल्या घोटात तेवढंच कळतं. फळ, वास बाजूलाच राहतो, आणि "आपल्याला नाही बुवा जमत" म्हणत माणूस परत बिअरकडे जातो.

माझ्या मते सुरुवातीला सगळ्यात चांगली निघाली ती अकलूजच्या फ्रातेल्लीची सांजोव्हेजे. ही कंपनी तीन भावांच्या जोड्यांनी मिळून काढलेली: इटलीचे सेक्की, दिल्लीचे सेखरी आणि अकलूजचे मोहिते-पाटील. सांजोव्हेजे हे मुळात इटलीतल्या तोस्कानाचं द्राक्ष. रंग फार गडद नाही, ग्लास उजेडात धरला तर पलीकडची बोटं दिसतात. चव आंबटसर, टॅनिन बेताचं. आंबटपणा असल्यामुळे जेवणाबरोबर ती छान जाते आणि घोट घेतल्यावर पुढचा घास घ्यावासा वाटतो. ज्यांना एवढंही तुरट नको, त्यांच्यासाठी नाशिकच्या सुला कंपनीची झिनफँडेल आहे, फळाचा वास भरपूर आणि अंगाने मऊ. मर्लोही याच गटातली. कुठली घ्यावी अशा पेचात पडलात, तर बिनधास्त मर्लो घ्या.

त्यानंतर शिराझ. नाशिकच्या हवेत हे द्राक्ष मनापासून रुळलंय असं मला वाटतं. सुलाची दिंडोरी रिझर्व्ह शिराझ ओक लाकडाच्या पिंपात मुरवलेली असते, त्यामुळे व्हॅनिलासारखा, थोडा धुरकट वास मागे राहतो. पण मला तिच्यात आवडतो तो मिऱ्यांचा वास. हा नुसता मनाचा खेळ नाही. शिराझच्या सालीत रोटंडोन नावाचं संयुग असतं, आणि काळ्या मिऱ्यांचा वासही त्याच रोटंडोनचा. एकदा ग्लासात नाक घातल्यावर तो वास सापडला की मग प्रत्येक शिराझमध्ये तुम्ही तो शोधायला लागता. वाइनची खरी गोडी मला इथून लागली. कॅबर्नेकडे वळायचं ते यानंतर, आणि तेही मिश्रणातून. बेंगळुरूजवळच्या नंदी हिल्सच्या ग्रोव्हर झांपाची ला रिझर्व्ह ही कॅबर्ने-शिराझ आहे, थोडी महाग, पण सणावाराला घ्यावी अशी.

आता सगळ्यात महत्त्वाचं: तापमान. रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी, हा सल्ला युरोपातल्या थंड घरांसाठी होता. तिथलं खोलीचं तापमान म्हणजे 16 ते 18 अंश. पुण्यात एप्रिलमध्ये कपाटातून काढलेली बाटली तिशीच्या वर असते. तेवढ्या गरम वाइनमध्ये आधी अल्कोहोल नाकात शिरतं, फळाचा वास दबतो आणि सगळं जड लागतं. आमच्याकडे आता ठरलेलं आहे: जेवणाच्या अर्धा-पाऊण तास आधी बाटली फ्रीजमध्ये. रात्रभर फ्रीजमध्येच असेल तर वीसेक मिनिटं आधी बाहेर. फार गार ठेवली तर टॅनिन आणखी टोचतं, म्हणून बर्फगार नको, आणि ग्लासात बर्फ तर अजिबात नको. एवढी एक गोष्ट सांभाळली तरी साध्या मालिकेतली, हजाराच्या आतली बाटली महागाच्या गरम बाटलीपेक्षा चांगली लागते. हे मी पाहुण्यांना शेजारी शेजारी पाजून पाहिलंय.

जेवणाचं म्हणाल तर आपल्या तिखटाशी रेडचं फारसं पटत नाही. झणझणीत तांबड्या रश्शाबरोबर टॅनिन आणि अल्कोहोल दोन्ही जिभेवर आग वाढवतात, रस्साही बिघडतो आणि वाइनही. पांढऱ्या रश्शाचं मात्र मर्लोशी झकास जमतं. सुकं मटण, तेही मिरची बेताची ठेवून आणि चरबी न काढता केलेलं, शिराझबरोबर खाऊन बघा. मांसातली प्रथिनं आणि चरबी टॅनिनला मऊ करतात. शाकाहारी घरात भरली वांगी करा. दाण्याचं कूट आणि तेल असल्यामुळे सांजोव्हेजेबरोबर ती अप्रतिम लागली, माझ्या नणंदेने तर ही जोडी आता नेहमीची केलीय. बांगडा-सुरमईबरोबर मात्र रेड नको. लोखंड चाटल्यासारखी चव तोंडात येते आणि बराच वेळ जात नाही.

खरेदीबद्दल एक तक्रार आहे. आपल्याकडच्या अनेक वाइन शॉपमध्ये वाइन सगळ्यात मागच्या फळीवर, ट्यूबलाइटखाली, एसीशिवाय उभी असते. एका दुकानातून आणलेल्या बाटलीला उघडताच शिजवलेल्या मनुकांचा वास आला, फळाचा ताजेपणा पार गेलेला. दुकानदाराने बदलून द्यायला साफ नकार दिला. तेव्हापासून मी लेबलवरचं वर्ष बघते (ते द्राक्षाच्या तोडणीचं असतं), बूच वर सरकलंय का, तोंडाशी चिकट ओघळ आहे का ते पाहते. साध्या बाटलीत फिरकीचं झाकण असेल तर ती आधी उचलते. बुचाची बाटलीच चांगली ही समजूत सोडून द्या. ताज्या, लवकर प्यायच्या वाइनला फिरकीचं झाकण जास्त सोयीचं.

उघडलेली बाटली एका रात्रीत संपवायची गरज नाही. 750 मिलीत साधारण पाच ग्लास होतात. उरलेली झाकण लावून फ्रीजमध्ये ठेवली की दोन-तीन दिवस चांगली राहते. शिराझ तर दुसऱ्या दिवशी मला जास्त मोकळी वाटली. 375 मिलीची अर्धी बाटली मिळाली तर तीच घ्या, म्हणजे त्याच पैशात दोन प्रकार होतात.

"रेड वाइन हृदयाला चांगली" म्हणून मात्र पिऊ नका. मद्याचं कुठलंही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. आवडते म्हणून, कमी आणि जेवताना, एवढंच. महाराष्ट्रात वाइनसाठी वयाची अट 21 वर्षांची आहे.

जमलं तर जानेवारी ते मार्चमध्ये नाशिकला जा. आपल्याकडे एप्रिलला खरड छाटणी आणि पावसाळा संपता संपता फळछाटणी होते, म्हणून द्राक्षं हिवाळ्याच्या शेवटी तयार होतात. गंगापूर धरणाच्या बाजूला सुला, यॉर्क या वाइनरी जवळजवळ आहेत, आणि तिथे थोडी थोडी वाइन चाखता येते. पूर्ण बाटलीचे पैसे घालण्याआधी आपल्याला काय आवडतं हे कळण्याचा याहून स्वस्त मार्ग मला तरी सापडलेला नाही. मी पुढची बाटली निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या रेव्हिलो वाइनरीची घेणार आहे, नेरो दाव्होला. सिसिलीसारख्या उन्हाच्या बेटावरचं हे द्राक्ष नाशिकच्या मातीत कसं उतरलंय ते बघायचंय, आणि त्याबरोबर भरली वांगीच करणार.