मेशवर स्पीकर अडखळतात: केबल स्पीकरला, नोडला की कशालाच नाही?

मेश वायफाय (घरभर ठेवलेली अनेक छोटी यंत्रं, म्हणजे नोड, मिळून एकच नेटवर्क) बसवलं की फोन आणि लॅपटॉप खूश असतात, पण वायफायवर चालणारे स्पीकर मध्येच गप्प होतात नाहीतर ॲपमधून गायब होतात. मग पहिला खर्च इंटरनेटचा वेग वाढवण्यावर होतो आणि तो बहुधा वाया जातो. सीडीच्या दर्जाच्या ऑडिओलासुद्धा सेकंदाला जेमतेम 1.4 मेगाबिट पुरतात. दुखणं घराच्या आतल्या जोडणीत असतं. त्यावर तीन मार्ग आहेत: सगळं मेशवरच ठेवून सेटिंग सुधारणं, एका स्पीकरला इथरनेट केबल जोडणं, किंवा मेशचे नोड केबलने जोडणं.

स्पीकर ॲपमध्ये दिसतच नसेल तर केबलचा विचारही करू नका, पहिला मार्ग पुरतो आणि तो फुकट आहे. फोन आणि स्पीकर एकमेकांना मल्टिकास्ट, म्हणजे एकाच वेळी अनेक उपकरणांना जाणाऱ्या, संदेशांनी शोधतात, आणि हे संदेश सहसा राउटरची हद्द ओलांडत नाहीत. इंटरनेट कंपनीचा राउटर आणि मेशचा मुख्य नोड दोघेही आयपी पत्ते वाटत असले, की घरात नकळत दोन नेटवर्क होतात. फोन एकावर, स्पीकर दुसऱ्यावर. दोघांपैकी एकाला ब्रिज मोडमध्ये टाका, म्हणजे तो पत्ते वाटणं थांबवेल, आणि जुन्या राउटरचं वायफाय बंद करा. स्पीकर गेस्ट नेटवर्कवर (पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायवर) असेल तरी लक्षणं हीच. वीज जाऊन आल्यावरच घोळ होत असेल, तर आधी मुख्य नोड, मग बाकीचे नोड, शेवटी स्पीकर या क्रमाने सुरू करा. नाहीतर स्पीकर जो नोड आधी जागा झाला त्यालाच चिकटून बसू शकतो, मग तो घराच्या दुसऱ्या टोकाला का असेना.

स्पीकर दिसतो, पण दोन-तीन खोल्यांत एकत्र लावलं की आवाज तुटतो? इथे खरी निवड करावी लागते. सोनोस या कंपनीच्या वायफाय स्पीकरसारख्या व्यवस्थेत ग्रुपमधला एक स्पीकर गाणं घेतो आणि बाकीच्यांना वाटतो. ते वेगवेगळ्या नोडवर असले, तर प्रत्येक पॅकेट नोडमधल्या वायरलेस दुव्यावरून जातं. ड्युअल बँड मेशमध्ये (2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ असे दोनच रेडिओ असलेल्या) नोड आपसात बोलायला आणि उपकरणांशी बोलायला बरेचदा तोच रेडिओ वापरतात, म्हणून प्रत्येक टप्प्यावर क्षमता साधारण निम्मी होते. नोडना केबल दिली की हा रेडिओ मोकळा होतो, आणि स्पीकरबरोबर घरातल्या सगळ्याच उपकरणांचं भलं होतं.

स्पीकरला केबल देण्याचा फायदा त्या मानाने मर्यादित आहे. जुने सोनोस स्पीकर त्यातून सोनोसनेट हे स्वतःचं जाळं उभं करतात. ते 2.4 गिगाहर्ट्झवर चालतं, म्हणून 1, 6, 11 या चॅनलपैकी मेश ज्यावर आहे तो सोडून दुसरा निवडावा लागतो. पण सोनोसचेच एरा 100, एरा 300, रोम, मूव्ह हे स्पीकर या जाळ्यात येतच नाहीत. शिवाय दोन स्पीकर वेगवेगळ्या नोडना केबलने जोडले आणि मेशला सोनोसचा लूप (डेटा गोल गोल फिरत राहणं) टाळणारा एसटीपी प्रोटोकॉल झेपला नाही, तर सगळं नेटवर्कच ठप्प होऊ शकतं.

ब्लूटूथ? एका खोलीपुरतं ठीक, फोन घेऊन बाहेर पडेपर्यंत.

माझा कौल: एकच केबल टाकता येत असेल तर ती नोडला द्या. सगळे स्पीकर जुने सोनोस असतील आणि त्यातला एक राउटरच्या शेजारीच असेल, तरच ती स्पीकरला द्यावी. भिंतीला भोक पाडण्याआधी एक लांब केबल तात्पुरती जमिनीवरून ओढा आणि संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी सगळ्या खोल्यांत एकदम गाणं लावा. तरीही तुटलं, तर केबल गुंडाळून ठेवा आणि चॅनलकडे वळा.