कानात ठोके, पडद्यामागे लाली: आधी सीटी की एमआरआय?

नाडीच्या ठेक्यात कान धडधडतो आणि तपासताना पडद्यामागे लालसर काहीतरी दिसतं. मग कोल्हापुरातल्या सीपीआर रुग्णालयाची ओपीडी असो की राजारामपुरीतला खासगी दवाखाना, प्रश्न एकच: टेम्पोरल बोनचा, म्हणजे कानाभोवतीच्या हाडाचा, एचआरसीटी (बारीक कापांचा सीटी) की एमआरआय? आधी सीटी. आणि तोवर त्या लालीला सुई लागू देऊ नका.

कारण ती गाठच असेल असं नाही. जागा सोडून मधल्या कानात आलेली कॅरोटिड, म्हणजे मानेतून मेंदूला जाणारी मोठी धमनी, असली आणि तिचा तुकडा काढायला गेलं, तर रक्त आवरत नाही, पाठोपाठ पक्षाघाताचीही भीती. दुसरी शक्यता न विरलेल्या स्टेपेडियल धमनीची. गर्भात ही रिकिबीच्या, म्हणजे मधल्या कानातल्या चिमुकल्या हाडाच्या, दोन पायांमधून जाते आणि तिसऱ्या महिन्याच्या सुमारास नाहीशी होते. क्वचित राहते. मग मेंदूच्या आवरणाची मिडल मेनिंजियल धमनी तिच्यातूनच निघते, म्हणून कवटीच्या तळाला फोरामेन ओव्हेलशेजारचं बारीक भोक, फोरामेन स्पायनोसम, त्या बाजूला नसतं. सीटीत आधी ते बघायचं. मग फेशियल नर्व्हचा (चेहऱ्याच्या नसेचा) कानातला मार्ग रुंद आहे का, प्रोमोंटरीवरून, म्हणजे मधल्या कानाच्या आतल्या भिंतीवरच्या उंचवट्यावरून, धमनीची रेघ चढते का. नुसतं भोक नाही म्हणून निकाल देऊ नये. मेनिंजियल धमनी डोळ्याच्या धमनीतून निघाली तरी ते नसतं.

हे सगळं हाडातलं काम, आणि एमआरआय तिथेच कच्चा. जेमतेम एक-दोन मिमीची धमनी त्यात सहज निसटते. ग्लोमस गाठ (रक्तवाहिन्यांनी भरलेली गाठ) मात्र कॉन्ट्रास्टने, म्हणजे शिरेतून दिलेल्या औषधाने, उजळते, तिचा पसारा एमआरआयच नीट दाखवतो. सीटी स्वच्छ आणि ठोके चालूच, तरी पुढची पाळी त्याचीच, शिरा-धमन्यांच्या चित्रांसह.

चिठ्ठीवर ‘टेम्पोरल बोन, 0.6 मिमी काप, बोन विंडो (हाड ठळक दाखवणारी मांडणी)’ असं स्पष्ट हवं. मेंदूच्या साध्या सीटीचे काप 5 मिमीचे. अख्खी धमनी दोन कापांच्या मधे हरवते. हाड बघायला कॉन्ट्रास्ट लागत नाही, मशीनवर काही मिनिटंच जातात. दिवस गेले असतील तर आधी सांगा. एमआरआयला अर्धा तास किंवा जास्त, पेसमेकर असेल तर आधी कळवायचं, कॉन्ट्रास्ट द्यायचा असल्यास बहुधा क्रिएटिनीन ही मूत्रपिंडाची रक्ततपासणीही मागतात.

फिल्मवर ही बारीक भोकं दिसत नाहीत. गारगोटी-गडहिंग्लजहून आलेल्यांनी सीडी घेतल्याशिवाय एसटी धरू नये.