रेकॉर्डिंगची साफसफाई: शिकायला बॅश बरं की पायथन?

फ्री डिशला ट्यूनर जोडून टीव्हीहेडएंड या सॉफ्टवेअरवर रेकॉर्डिंग करणाऱ्याची डिस्क बघता बघता भरते. जाहिराती, अर्धवट भाग, एकच कार्यक्रम दोनदा. ते निस्तरता निस्तरता एखादी स्क्रिप्टिंग भाषाही शिकून घ्यावी असं मनात असेल, तर पुढ्यात बहुधा बॅश आणि पायथन ही दोनच नावं असतात.

बॅशला सुरुवात फुकटात होते. लिनक्सच्या टर्मिनलवर रोज टाइप करता त्याच कमांड फाइलीत उतरवल्या की झाली स्क्रिप्ट. महिन्याहून जुन्या टीएस फायली (रेकॉर्डिंगच्या मूळ फायली) शोधणं ही फाइंड या कमांडची एक ओळ. पायथनला त्यासाठी चार-पाच लागतात.

माझं बॅशशी फाटलं ते एफएफएमपेग या व्हिडिओचा फॉरमॅट बदलणाऱ्या प्रोग्रामवरून. फाइंडची यादी व्हाइल-रीडच्या लूपला (एकेक ओळ वाचून तेच काम पुन्हा करणाऱ्या तुकड्याला) द्यायची आणि आत एकेक टीएस एमकेव्ही फॉरमॅटमध्ये बदलायची, ही कुठल्याही नवशिक्याला सुचेल अशीच मांडणी. पहिली फाइल सुरळीत होते. दुसरीला 'अशी फाइल नाही', आणि बघावं तर पत्त्याची सुरुवातीची अक्षरंच गायब! कारण 'क्यू' दाबून थांबवता यावं म्हणून एफएफएमपेग स्टँडर्ड इनपुट, म्हणजे प्रोग्रामला मजकूर पुरवणारी वाट, वाचत असतं, आणि लूपची यादीही तिथूनच येत असते. मग ते यादीतलीच अक्षरं गिळतं. 'नोएसटीडीइन' हा पर्याय दिला की प्रश्न मिटतो, मान्य. पण स्क्रिप्ट कितीही वेळा वाचली तरी चूक दिसत नाही, आणि लूप लिहायला नुकताच शिकलेला माणूस तिथेच कंटाळतो.

पायथनमध्ये यादी व्हेरिएबलमध्ये असते. सबप्रोसेस या मॉड्यूलनं चालवलेल्या प्रोग्रामला तिला हात लावता येत नाही. नावातल्या स्पेससाठी अवतरणचिन्हांची कसरतही नाही. जाहिराती शोधणारा कॉमस्किप हा प्रोग्राम त्यांच्या वेळा ईडीएल या यादीच्या फाइलीत ३१२.४८ अशा दशांश सेकंदांत देतो. बॅशचं गणित पूर्णांकांपुरतं, म्हणजे बीसी किंवा ऑक या वेगळ्या प्रोग्रामना बोलावणं आलं.

आणखी एक, खास मराठीतलं. 'दुसऱ्या'तला 'ऱ' यूनिकोडमध्ये एकाच चिन्हानं लिहिता येतो किंवा 'र'ला नुक्ता (खाली टिंब) देऊन. डोळ्यांना सारखाच, पण संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी नावं, म्हणून डुप्लिकेट शोधताना जोडी निसटते. पायथनच्या यूनिकोडडेटा मॉड्यूलमधलं नॉर्मलाइझ हे एका ओळीत निस्तरतं.

पायथनचेही नखरे आहेत. इंडेंट चुकला की अडतं, आणि रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या नव्या ओएसवर पिप (जादा पॅकेजं बसवणारं साधन) आधी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (पॅकेजंसाठी वेगळा कप्पा) मागतं. पण या कामाला पायथनसोबतच येणारी स्टँडर्ड लायब्ररी पुरते. ज्यांना पुढे सर्व्हरच सांभाळायचेत त्यांनी बॅश धरलं तरी वावगं नाही. इतरांना मी तरी पायथनच सुचवेन.

टीव्हीहेडएंडच्या पोस्ट-प्रोसेसरच्या रकान्यात स्क्रिप्टचा पत्ता आणि पुढे '%एफ' लिहिलं, की रेकॉर्डिंग संपताच फाइलीचं पूर्ण नाव तिच्याकडे जातं. डिलीटची ओळ मात्र सुरुवातीला नुसतं नाव छापेल अशी ठेवा. पायथनचं अनलिंक काय आणि बॅशमधलं आरएम काय, कचरापेटी दोघांनाही ठाऊक नाही.