मालकाच्या हातात ७३, आमच्याकडून ७८

पुण्यात सिंहगड रस्त्यावर आम्ही नुकताच एक रीसेल टू बीएचके घेतला. करारनाम्यातली किंमत ७८ लाख. मालकांच्या हातात पडणार होते ७३. मधले पाच लाख एजंटचे, आणि हे आम्हाला कळलं तेव्हा मुद्रांक शुल्काचं चलन भरून झालं होतं. सध्या जे घर शोधतायत त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहितोय.

एजंट ओळखीतूनच आला होता. पहिल्याच भेटीत म्हणाला, "दादा, तुम्ही निर्धास्त राहा. मी तुमच्या बाजूनं बोलणार. माझे फक्त दोन टक्के." फ्लॅट आवडला. मालक वयस्कर जोडपं, मुलाकडे नाशिकला कायमचं राहायला निघालेलं. त्यांचा नंबर मागितला तर म्हणे, "थेट फोन करू नका, गरज दिसली की मालक भाव चढवतात." घर बघायला गेलो की हा सतत मध्ये उभा. पैशांचा विषय निघाला की "ते आपण बाहेर बोलू". मग एक दिवस निरोप आला, "८० वर अडून बसले होते, मी ७८ वर आणलं." दुसरी पार्टी उद्याच टोकन देतेय असं सांगून एक लाख त्यानं स्वतःच्या खात्यावर घेतले.

दुय्यम निबंधक कार्यालयात आमचा नंबर यायचा होता. एजंट झेरॉक्सला खाली गेला. मालकीणकाकू माझ्या बायकोशेजारी बाकावर बसल्या होत्या, मांडीवर छोटी डायरी. बायकोनं सहज विचारलं, "नाशिकला घर बघितलंत का?"

"मुलगा म्हणतो, ७३ मध्ये तिकडे चांगलं मिळेल."

"७३?"

"हो ना. तुमच्याकडून तो काही घेत नाही, म्हणून वरचे पाच त्याचे. चेकसुद्धा देऊन ठेवलाय." त्यांनी डायरीचं पान पुढे केलं. निळ्या पेननं लिहिलं होतं : हातात ७३, वरचे त्याचे.

त्यांनाही त्यानं बजावलं होतं, पार्टीशी बोलू नका, भाव पाडून मागतात. आम्ही दोन टक्के देणार आहोत हे त्यांच्या कानावरही नव्हतं. काकांचा चेहरा उतरला. त्या दोघांनी आम्हाला फसवलं असं मला एक क्षणही वाटलं नाही, आजही वाटत नाही.

एजंट वर आल्यावर विचारलं, तर शांतपणे म्हणाला, "मार्केटमध्ये असंच चालतं. नेट रेटची डील आहे." म्हणजे मालकांना ठरलेला आकडा, वरचं सगळं एजंटचं. चलन ७८ लाखांवर भरलेलं, कर्ज त्याच आकड्यावर मंजूर. सगळं मोडायचं तर मुद्रांक शुल्काच्या परताव्यामागे फिरा, बँकेत पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करा. आम्ही सही केली.

नुकसान पाच लाखांवर थांबत नाही. त्या पाच लाखांवर सात टक्क्यांनी ३५ हजार मुद्रांक शुल्क गेलं. त्याच्या दोन टक्क्यांतही दहा हजार या फुगवलेल्या रकमेचे. शिवाय वीस वर्षांचं व्याज. काकांच्या बाजूनं बघा, कागदावर त्यांनी ७८ ला विकलंय, म्हणजे आयकराच्या वेळी त्या पाच लाखांचा खुलासा त्यांनाच करावा लागणार.

नंतर त्यानं १ लाख ५६ हजारांची मागणी केली, वर १८ टक्के जीएसटी. जीएसटी नंबर मागितला तर नंबरच नाही. नंबर नसलेल्याला जीएसटी घ्यायचा अधिकार नसतो. सोसायटीच्या ट्रान्सफरसाठीही ७५ हजार रोख मागत होता, "कमिटीला मॅनेज करतो" म्हणून. मी सरळ सेक्रेटरींना भेटलो. ट्रान्सफर फी ५०० रुपये, आणि महापालिका हद्दीत प्रीमियम जास्तीत जास्त २५ हजार, ही मर्यादा राज्य सरकारनं २००१ सालीच घातलेली आहे. त्यांनी तेवढंच घेतलं, पावतीसह.

एजंटनं मेहनतीचे पैसे घेऊ नयेत असं माझं अजिबात म्हणणं नाही. कागद जमवणारे, मालकाला समजावणारे, आपला शब्द पाळणारे एजंट आहेत. पण फ्लॅट बघायला निघण्याआधीच विचारा : तुम्ही कोणाच्या बाजूचे? दोन्हीकडून घेणार का? किती टक्के, जीएसटी धरून की वेगळा, आणि कधी? नोंदणी झाल्यावरच, असं ठरवा. उत्तरं व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी मागा. जो "आपल्यात कसलं लिहून" म्हणतो त्याच्याबरोबर पुढे जाऊ नका.

टोकनआधी मालकांना समोर बसवून, एजंटच्या देखत, एकच प्रश्न विचारा : तुमच्या हातात किती पडणार? टोकनचा चेक मालकांच्या नावानं द्या आणि पावती घ्या. त्याच सोसायटीत हल्ली कितीला व्यवहार झाले ते नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर इंडेक्स टू (नोंदलेल्या व्यवहाराचा सारांश) शोधून बघता येतं. आमच्या इमारतीतला असाच फ्लॅट थोड्याच दिवसांपूर्वी ७२ ला गेलेला निघाला.

नव्या प्रकल्पात घेत असाल तर एजंटचा महारेराकडचा (रेरा कायद्याखालच्या राज्याच्या स्थावर मालमत्ता प्राधिकरणाकडचा) नोंदणी क्रमांक आधी तपासा. २०१७ पासून तो सक्तीचा आहे, २०२३ पासून प्रशिक्षण आणि परीक्षाही. जुन्या सोसायटीतल्या रीसेलला मात्र या कायद्याचा फारसा आधार मिळत नाही, म्हणून तिथे दुप्पट सावध राहा.

दोन टक्के आम्ही अजून दिलेले नाहीत. काकांनी पाच लाखांचा चेक बँकेत थांबवला आणि घडलं ते सगळं सहीनिशी लिहून दिलं. ते निवेदन, टोकनचा बँक तपशील आणि मेसेज जोडून आम्ही दोघांनी मिळून जिल्हा ग्राहक आयोगात जायचं ठरवलंय, वकिलांनी नोटीस पाठवली आहे. एजंटचे धमकीचे फोन येतात, ते सगळे रेकॉर्ड करून ठेवतोय. याच भागात कोणाला असा अनुभव आला असेल तर मेसेज पुसू नका आणि मालकांशी एकदा बोला. त्यांनाही बहुतेक काही माहीत नसेल.